आठवड्यातून एकदाच! उतारवयातील सोरायसिस आणि औषधांची निवड

मे महिन्याचा उकाडा असतो. अंधेरीच्या एखाद्या बागेतील ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सगळे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत बसलेले असतात आणि त्यांच्यात एखादेच आजोबा मनगटापर्यंत बाह्या ओढून घेतलेले दिसतात. मुलुंडमधील एखाद्या आजी लग्नाचे आमंत्रण आले की ‘गुडघे फार दुखतात’ असे सांगून घरीच राहतात. खरे दुखणे गुडघ्यांचे नसते. कोपरांवरचे, पोटऱ्यांवरचे, केसांच्या मुळांशी असलेले लालसर, रुपेरी खवल्यांचे चट्टे कोणाच्या नजरेस पडू नयेत, एवढीच त्यामागची धडपड असते.

वाचकहो, सोरायसिस हा स्पर्शाने पसरणारा आजार नाही, हे प्रथम मनावर ठसवून घ्यावे. एका ताटात जेवल्याने, एकाच टॉवेलने अंग पुसल्याने किंवा नातवंडाला मांडीवर घेतल्याने तो कोणालाही होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा अकारण चेतवली जाते, त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी पट वेगाने तयार होतात आणि त्यांचे थर साचत जातात. भारतातील प्रौढांमध्ये याचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के असल्याचे निरनिराळ्या पाहण्यांत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठराव करून या विकाराची गंभीर असंसर्गजन्य आजारांत नोंद घेतली. तेव्हा ‘वयोमानाने अंगाला खाज यायचीच’ असे म्हणून त्याकडे काणाडोळा करणे योग्य नाही.

मलमे लावूनही चट्टे आटोक्यात येत नाहीत तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, ‘आता पोटातून औषध किंवा इंजेक्शन सुरू करावे लागेल.’ घरातील मंडळी लगेच विचारतात, ‘यांतले सर्वांत चांगले औषध कोणते?’ प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. चाळिशीतील माणसासाठी सर्वांत चांगले ठरलेले औषध पंच्याहत्तरीतील माणसाला तितकेच मानवेल, असे नसते. उतारवयात विचारावयाचा प्रश्न असा की, या व्यक्तीची मूत्रपिंडे, यकृत, चालू गोळ्या, पूर्वीचे आजार आणि घरची परिस्थिती पाहता कोणते औषध तिला सुरक्षितपणे आणि सातत्याने घेता येईल? या लेखात आपण त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

मलम कधी अपुरे पडते?

एक सोपे माप लक्षात ठेवावे. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह धरला, तर तो शरीराच्या सुमारे एक टक्का पृष्ठभागाएवढा भरतो. असे दहा तळहात व्यापतील त्याहून अधिक चट्टे असतील, तर आजार सामान्यतः मध्यम ते तीव्र समजला जातो. मात्र क्षेत्र लहान असूनही तळहात, तळपाय, टाळू, नखे किंवा गुप्तांग येथे चट्टे असतील आणि चालणे, जेवणे, झोपणे कठीण झाले असेल, तरीही अंगभर परिणाम करणाऱ्या औषधांचा विचार करावा लागतो.

सांध्यांकडे लक्ष देणे तितकेच महत्त्वाचे आहे. सकाळी उठल्यावर बराच वेळ सांधे आखडलेले राहणे, एखादे बोट सबंध सुजणे, टाच दुखणे ही सोरायसिसच्या संधिवाताची लक्षणे असू शकतात. ज्येष्ठांच्या बाबतीत ती ‘वयाची दुखणी’ म्हणून सोडून दिली जातात. डॉक्टरांना ती आवर्जून सांगावीत, कारण औषधाची निवड त्यावरून बदलते.

गोळ्यांकडे वळण्यापूर्वी प्रकाशोपचाराची चौकशीही करावी. विशिष्ट तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा हा उपचार शरीरातील अवयवांवर ताण आणत नाही, म्हणून अनेक ज्येष्ठांना तो मानवतो. अडचण असते ती आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रावर जाण्याची. बोरिवलीहून गर्दीच्या लोकलने तसे जाणे सत्तरीच्या माणसाला किती झेपेल, याचा विचार घरच्यांनीच करावयाचा आहे.

तुलना काय सांगते आणि काय सांगत नाही

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने सोरायसिसच्या अशा औषधांची तुलना वेळोवेळी अद्ययावत केली आहे. २०२३ च्या आवृत्तीत १७९ चाचण्या आणि ६२,३३९ रुग्ण यांचा समावेश होता. चट्ट्यांचे क्षेत्र, लाली, जाडी आणि खवले यांवरून ‘पासी’ नावाचा गुणांक काढतात. तो ९० टक्क्यांनी कमी होणे, म्हणजे त्वचा जवळजवळ स्वच्छ होणे, ही कसोटी तेथे लावली होती. इन्फ्लिक्सिमॅब, बिमेकिझुमॅब, इक्सेकिझुमॅब आणि रिसांकिझुमॅब ही चार इंजेक्शने त्या कसोटीवर अग्रभागी राहिली. एकूण गट म्हणून पाहता जैविक इंजेक्शने जुन्या गोळ्यांपेक्षा अधिक प्रभावी ठरली.

येथे थांबून दोन गोष्टी पाहाव्यात. त्या चाचण्यांतील रुग्णांचे सरासरी वय ४४.६ वर्षे होते, आणि तुलना उपचाराच्या पहिल्या ८ ते २४ आठवड्यांपुरती होती. ज्यांना मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि रोज सात-आठ गोळ्या चालू आहेत, अशा व्यक्तींना बहुधा चाचणीत घेतलेच जात नाही. बहुसंख्य चाचण्यांना औषध कंपन्यांचे अर्थसाहाय्यही होते. म्हणून हा तक्ता औषधाची ताकद दाखवतो. ते आपल्या आजोबांना कितपत मानवेल, याचे उत्तर त्यात नाही.

मेथोट्रेक्झेट : जुने, स्वस्त आणि शिस्त मागणारे

आपल्याकडे अनेक रुग्णांची सुरुवात याच गोळीने होते. तिच्या जन्मकथेत एका भारतीयाचा वाटा आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करीत होते. फॉलिक अ‍ॅसिडच्या कार्याला अटकाव करणारी अ‍ॅमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्झेट ही औषधे त्यांच्या चमूच्या कामातून आली. १९५१ मध्ये संधिवातासाठी अ‍ॅमिनोप्टेरिन दिले असता सोरायसिसचे चट्टे ओसरतात, असे आढळले. पुढे त्याची जागा अधिक सुरक्षित अशा मेथोट्रेक्झेटने घेतली.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७१ रुग्णांच्या एका चाचणीत १६ आठवड्यांनंतर पासी गुणांक ७५ टक्क्यांनी कमी झालेल्यांचे प्रमाण अ‍ॅडालिमुमॅब इंजेक्शनच्या गटात सुमारे ८० टक्के, मेथोट्रेक्झेटच्या गटात सुमारे ३६ टक्के आणि औषध नसलेल्या नकली उपचाराच्या गटात १९ टक्के होते. मेथोट्रेक्झेट त्यात लहान मात्रेपासून हळूहळू वाढवले होते. याचा अर्थ ही गोळी सावकाश काम करते आणि प्रत्येकाला पुरेशी पडत नाही. तरीही ज्यांना ती लागू पडते, त्यांना अल्प खर्चात वर्षानुवर्षे साथ देते. सांध्यांच्या दुखण्यालाही तिचा उपयोग होतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना. सोरायसिससाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. ते चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेचे काम थांबू शकते, रक्तातील पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने याच चुका टाळण्यासाठी वेष्टनावर ठळक सूचना छापणे आणि रुग्णाजवळ ठेवावयाचे कार्ड देणे अशा उपायांची शिफारस केली. चूक निष्काळजी माणसाकडूनच होते, असे समजू नये.

समजा, घाटकोपरच्या एका घरात मुलगा आणि सून दोघेही नोकरीला जातात. आजोबांच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवलेल्या असतात. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी बदलतात. नव्या मावशींना वाटते की एकाच कप्प्यात दिसणारी ती पिवळी गोळी उरलेल्या सहा कप्प्यांत भरायची राहून गेली आहे, म्हणून त्या प्रेमाने ती सगळीकडे भरतात. कोणाचाही हेतू वाईट नसताना चार-पाच दिवसांत विषबाधेची वेळ येते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही अनेकदा पिवळीच असते, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

हे टाळण्यासाठी घरात पुढील शिस्त पाळावी :

• डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत लिहून घ्यावे, उदाहरणार्थ ‘फक्त रविवारी’. ‘ओडी’ या संक्षेपाचा अर्थ दिवसातून एकदा असा होतो, म्हणून अशा संक्षेपांवर विसंबू नये.
• ही गोळी रोजच्या डबीत ठेवू नये. वेगळ्या पाकिटात, एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात ठेवावी. घेतल्यावर दिनदर्शिकेवर खूण करावी.
• शक्यतो एकाच ताकदीच्या गोळ्या आणाव्यात. अडीच आणि दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या घरात एकत्र असल्या, तर मात्रा चौपट होण्याचा धोका असतो.
• फॉलिक अ‍ॅसिड कोणत्या दिवशी घ्यावयाचे, तेही लिहून घ्यावे.
• एखाद्या आठवड्याची गोळी चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. डॉक्टरांना विचारावे.
• घरातील गरोदर किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने ही गोळी तोडू वा कुटू नये.

तोंडात फोड येणे, ताप, अंगावर निळसर डाग, हिरड्यांतून रक्त, जुलाब, कोरडा खोकला व धाप, किंवा सोरायसिसचेच चट्टे अचानक दुखू लागून त्यांवर जखमा होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मेथोट्रेक्झेट मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. कृश ज्येष्ठ व्यक्तीच्या रक्तातील क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसले, तरी मूत्रपिंडांची कार्यक्षमता निम्म्यावर आलेली असू शकते. म्हणून ‘ईजीएफआर’ हा आकडा किती आहे, असे आवर्जून विचारावे. उतारवयात मात्रा लहान ठेवतात आणि रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक अंतराने करतात. मद्यपान वर्ज्य समजावे. मधुमेह आणि स्थूलता असल्यास यकृताकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी दिले जाणारे को-ट्रायमोक्साझोल, जे अनेक घरांत सेप्ट्रान या नावाने ओळखले जाते, मेथोट्रेक्झेटबरोबर धोकादायक ठरते. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले असेल, तर त्या आठवड्याची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा.

इतर तीन गोळ्या

*सायक्लोस्पोरिन.* हिचा गुण लवकर येतो, बहुधा महिनाभरातच फरक दिसतो. २००३ मध्ये नेदरलँड्समधील एका चाचणीत १६ आठवड्यांत मेथोट्रेक्झेट आणि सायक्लोस्पोरिन यांच्या परिणामांत ठळक फरक आढळला नाही. मात्र सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडांवर ताण आणते आणि रक्तदाब वाढवते. उतारवयात या दोन्ही गोष्टी आधीच नाजूक असतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, डिल्टियाझेमसारखी हृदयाची औषधे आणि वेदनाशामके यांच्याशी तिचे पटत नाही. म्हणून आजार एकाएकी भडकल्यावर थोड्या महिन्यांसाठी, रक्तदाब आणि क्रिएटिनिन वारंवार तपासत ती दिली जाते. वर्षापलीकडे ती सहसा चालू ठेवीत नाहीत.

*अ‍ॅसिट्रेटिन.* ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील हे औषध प्रतिकारशक्ती दडपत नाही. पूर्वी कर्करोग किंवा वारंवार जंतुसंसर्ग झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हा गुण मोलाचा ठरतो. तळहात-तळपायांच्या जाड चट्ट्यांवर आणि पुटकुळ्यांच्या सोरायसिसवर ते विशेष उपयोगी पडते. ओठ फुटणे, डोळे व त्वचा कोरडी पडणे, केस विरळ होणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. रक्तातील चरबी आणि यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते. सांध्यांच्या दुखण्याला त्याचा फारसा उपयोग नाही. घरातील तरुण स्त्रीने ते चुकूनही घेऊ नये आणि औषध चालू असताना व थांबवल्यावर तीन वर्षे रुग्णाने रक्तदान करू नये.

*एप्रेमिलास्ट.* अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली ही गोळी आता भारतीय कंपन्याही बनवतात. तिच्या ८४४ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत १६ आठवड्यांनी ३३ टक्के रुग्णांचा पासी गुणांक ७५ टक्क्यांनी घटला. नकली गोळीच्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. परिणाम मध्यम आहे, परंतु वारंवार रक्त तपासावे लागत नाही. ज्यांना दर महिन्याला प्रयोगशाळेत नेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. सुरुवातीला मळमळ आणि जुलाब होतात, म्हणून मात्रा पायरीपायरीने वाढवतात. वजन घटू शकते. आधीच कृश असलेल्या आजींचे वजन दर महिन्याला पाहावे. मन उदास होत असल्यास डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडांचा गंभीर विकार असेल तर मात्रा निम्मी करतात.

जैविक इंजेक्शने : ताकद मोठी, पूर्वतयारीही मोठी

ही औषधे जिवंत पेशींकडून तयार करवून घेतलेली प्रथिने असतात. प्रतिकारयंत्रणेच्या साखळीतील नेमका एखादाच दुवा ती अडवतात. अ‍ॅडालिमुमॅब, इटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ‘टीएनएफ’ला रोखतात. सेक्युकिनुमॅब आणि इक्सेकिझुमॅब ‘इंटरल्युकिन १७’ला, तर गुसेल्कुमॅब आणि रिसांकिझुमॅब ‘इंटरल्युकिन २३’ला रोखतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ आठवड्यांनी गुणांक ७५ टक्क्यांनी घटलेले रुग्ण सेक्युकिनुमॅबच्या गटात ७७ टक्के, तर इटानरसेप्टच्या गटात ४४ टक्के होते.

या क्षेत्रात भारताचाही सहभाग आहे. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने विकसित केलेल्या इटोलिझुमॅबला २०१३ मध्ये आपल्या देशात सोरायसिससाठी मान्यता मिळाली. त्याच्या २२५ भारतीय रुग्णांवरील चाचणीत १२ आठवड्यांनी गुणांक ७५ टक्क्यांनी घटलेल्यांचे प्रमाण दोन निरनिराळ्या मात्रांना २७ आणि ३६ टक्के होते. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने अ‍ॅडालिमुमॅबची समतुल्य आवृत्ती, म्हणजे बायोसिमिलर, जगात प्रथम बाजारात आणली. अशा आवृत्त्यांमुळे खर्च पुष्कळ खाली आला. तरीही काही गोळ्यांच्या आठवड्याच्या खर्चाची आणि एका इंजेक्शनच्या हजारो रुपयांची तुलना होऊ शकत नाही.

मूत्रपिंडे व यकृत यांवर ही इंजेक्शने मेथोट्रेक्झेट किंवा सायक्लोस्पोरिनसारखा भार टाकीत नाहीत, म्हणून काही ज्येष्ठांना उलट तीच अधिक सुरक्षित ठरतात. ‘म्हाताऱ्या माणसाला एवढे जोरदार औषध कशाला?’ हा विचार नेहमीच बरोबर असतो असे नाही. मात्र सुरू करण्यापूर्वी पुढील बाबी पाहिल्याच पाहिजेत.

पहिली बाब क्षयरोगाची. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि दाट वस्तीच्या मुंबईत आयुष्य काढलेल्या अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त अवस्थेत असतात. प्रतिकारयंत्रणेचा पहारा ढिला झाला की ते जागे होऊ शकतात. हा धोका टीएनएफ रोखणाऱ्या औषधांत सर्वांत अधिक असतो. म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र आणि मॅन्टू किंवा ‘इग्रा’ ही रक्तचाचणी करतात. निद्रिस्त संसर्ग आढळल्यास प्रथम प्रतिबंधक औषधे सुरू करतात. चाळीस वर्षांपूर्वी घरात कोणाला क्षय झाला होता, हे डॉक्टरांना सांगण्यात संकोच मानू नये.

दुसरी बाब कावीळ ‘बी’ आणि ‘सी’ यांच्या तपासण्यांची. तिसरी हृदयाची : हृदयाची पंपनशक्ती फार कमी असेल तर टीएनएफ रोखणारी औषधे टाळतात. चौथी आतड्यांची : आतड्यांचा दाहक विकार असल्यास ‘इंटरल्युकिन १७’ रोखणारी औषधे टाळतात. त्या गटात तोंडाला किंवा जांघेत बुरशीचा संसर्गही होऊ शकतो. पाचवी बाब लसींची : फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या निर्जीव लसी शक्यतो आधीच घ्याव्यात. उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी घेऊ नयेत.

ताप, खोकला किंवा जखमेत पू झाला असेल तर ठरलेल्या तारखेचे इंजेक्शन परस्पर देऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे. डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत ही खबरदारी विशेष घ्यावी. इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. औषधाच्या दुकानातून आणताना बर्फाची पिशवी असलेला डबा न्यावा, घरी ते फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

चट्टे वाढवणारी आपलीच औषधे

नवे औषध सुरू करण्यापूर्वी जुन्यांची यादी तपासावी. रक्तदाब व हृदयासाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर गटातील औषधे, मनोविकारांसाठीचे लिथियम आणि क्लोरोक्विन-हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांनी काही जणांचा सोरायसिस बळावतो. ही औषधे स्वतःहून मुळीच बंद करू नयेत. मूळ डॉक्टरांशी बोलून पर्याय शोधावा.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आणि कुल्ल्यावर घेतलेल्या इंजेक्शनांनी चट्टे आठवडाभरात नाहीसे होतात, म्हणून ती आवडतात. पण थांबवल्यावर आजार उसळून येतो. कधी सबंध अंग लाल होते, कधी अंगभर पुटकुळ्या उठतात, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत ही अवस्था जिवावर बेतू शकते. घटक न लिहिलेल्या ‘गुणकारी’ पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड किंवा जड धातू मिसळलेले असतात. आयुर्वेदाचा उपचार घ्यावयाचा असल्यास पदवीधर वैद्यांकडूनच घ्यावा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी. मेथोट्रेक्झेट चालू असताना न सांगता घेतलेल्या काढ्याने यकृत बिघडल्यास दोष कोणाचा, हेही कळत नाही.

खर्च आणि सोय

उपचार वर्षानुवर्षे चालावयाचा आहे, म्हणून पहिल्याच भेटीत खर्चाविषयी मोकळेपणाने बोलावे. सहा महिन्यांत पैसे संपून अर्ध्यावर सोडलेल्या महागड्या इंजेक्शनापेक्षा नीट देखरेखीखाली चाललेली साधी गोळी अनेकदा अधिक हिताची ठरते. उपनगरांतील कुटुंबांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या महापालिका रुग्णालयांचा मोठा आधार आहे. अंधेरी-बोरिवलीकडच्यांना विलेपार्ल्याचे कूपर, तर मुलुंड-घाटकोपरकडच्यांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय सोयीचे पडते. परळचे केईएमही आहे. तेथे त्वचारोगाबरोबर हृदय, मूत्रपिंड आणि छातीचे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात.

७० वर्षांवरील सर्वांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी घ्यावयाच्या गोळ्या-इंजेक्शनांचा खर्च त्यातून भागेल, असे गृहीत धरू नये. खासगी विमा असल्यास इंजेक्शनाने देण्याच्या जैविक औषधांविषयी पॉलिसीत काय लिहिले आहे, ते उपचारापूर्वीच विचारून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना

सर्व चालू गोळ्या, मधुमेहाच्या आणि गुडघेदुखीच्याही, एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात. मागील रक्ततपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावावेत. आणि हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. आमच्या रुग्णासाठी हेच औषध का? दुसरे कोणते होते आणि ते का नको?
२. गुण किती आठवड्यांत दिसावा? दिसला नाही तर पुढे काय?
३. कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी?
४. कोणत्या लक्षणांवर औषध थांबवून लगेच फोन करावा?
५. सर्दी-ताप, दातांचे काम किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल तेव्हा काय करावे?
६. महिन्याचा एकूण खर्च, तपासण्यांसह, किती येईल?

आणखी एक प्रश्न मात्र डॉक्टरांना नव्हे, रुग्णाला विचारावा : ‘तुम्हांला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?’ कोणी म्हणेल, रात्रीची खाज. कोणी म्हणेल, तळपायांच्या भेगा. कोणी एवढेच म्हणेल की, नातवाच्या मुंजीत अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बसायचे आहे. त्वचा नव्वद टक्के स्वच्छ होणे हे चाचणीचे ध्येय झाले. आपल्या आजोबांचे ध्येय रात्रीची शांत झोप एवढेच असेल, तर कदाचित सौम्य औषधानेही ते साधेल. आणि अंग मोकळेपणाने उघडे ठेवून चारचौघांत वावरणे हे ध्येय असेल, तर केवळ वय झाले म्हणून त्यांना प्रभावी उपचारापासून वंचित ठेवण्याचे कारण नाही.

तोवर आज संध्याकाळी एक काम अवश्य करावे. घरातील औषधांची डबी उघडून पाहावी. त्यात मेथोट्रेक्झेट असेल, तर ते बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे : ‘आठवड्यातून एकदाच’. खाली वाराचे नाव लिहावे आणि घरातील प्रत्येकाला, दिवसा येणाऱ्या मावशींनाही, ते वाचून दाखवावे.